कॅबिनेट रंगवायला देण्यापूर्वी : पंख्याची भोके आधी, पावडर कोटिंग नंतर

संगणकाचे कॅबिनेट आमच्याकडे देताना बहुतेक ग्राहकांचा रंग पक्का ठरलेला असतो, पंखे किती बसवायचे हे मात्र ठरलेले नसते. पुढे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की तेच रंगवलेले कॅबिनेट परत येते आणि वरच्या पत्र्यात आणखी एक पंखा बसवून मागितला जातो.

भोक पाडणे दहा मिनिटांचे काम आहे, पण रंगानंतर ते आम्ही शक्यतो करत नाही. पावडर कोटिंगमध्ये विद्युतभारित पावडर पत्र्याला चिकटते आणि भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून तिचा साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा सलग थर बनतो. त्यावर होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत, चालवली की भोकाच्या कडेचे टवके उडून पत्रा उघडा पडतो. शेजारी कूलर चालू असला, आणि आपल्याकडे तो असतोच, तर त्या ओलाव्याने गंज कडेपासून रंगाखाली सरकतो. ब्रशने लावलेला जोडरंग लपत नाही, म्हणून अख्खा पत्रा खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. त्याचे पैसे आम्ही पूर्ण घेतो, कारण मेहनत पहिल्यापेक्षा जास्त पडते.

म्हणून पंखा सोबत आणावा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधले अंतर १०५ मिलिमीटर असते, तरीही आम्ही पंखा पत्र्यावर ठेवूनच खुणा करतो. प्लास्टिकचा दर्शनी भाग, वायरी आणि रबरी बुशिंग (वायरींच्या भोकांतल्या रबरी कड्या) घरीच काढावेत. रिव्हेट आम्ही काढू. मदरबोर्ड जिथे टेकतो त्या जागा मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या असतात, कारण पावडरच्या थरातून वीज वाहत नाही आणि अर्थिंगला उघडा धातू लागतो. तिथे रंग चुकून राहून गेलेला नसतो.

सागवानी बाजू हवी असल्यास तेही आधीच सांगावे. लाकूड भट्टीत जात नाही. रंगलेल्या सांगाड्याचे माप घेऊन आम्ही फळी हाताने रंधून बसवतो, त्यामुळे फट राहत नाही.

आमचा मूळ धंदा कूलरच्या बॉडीचा असल्याने होळीनंतर भट्टी रिकामी नसते. कॅबिनेट त्याआधी आणल्यास ते सवडीने आणि मनासारखे करून देता येईल.