जेपीजी, पीएनजी आणि सोनकीमागचा पांढरा डबा

कासच्या पठारावर जाऊन आलेल्या माणसाचं पहिलं डिजिटल स्क्रॅपबुक पान (संगणकावर फोटो आणि सजावटीची चित्रं मांडून केलेलं आठवणींचं पान) मी न बघताही सांगू शकते. अबोली रंगाचा कागद, मधे घरच्यांचा फोटो, कोपऱ्यात सोनकीचं पिवळंधमक फूल आणि त्या फुलाभोवती ठसठशीत पांढरा चौकोन. मग विचारणा येते, "ताई, हा पांढरा डबा जात का नाही?" साताऱ्यात ओळखीपाळखीत हे इतक्यांदा समजावून झालंय की आता एकदाच लिहून टाकते.

जेपीजी हा चित्राच्या फाईलचा प्रकार तुम्ही रोज वापरता. 1992 सालचं मानक. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळून फोटो छोटा करतं. फोटोसाठी झकास. पुढे चला.

पीएनजी हा दुसरा प्रकार, 1996चा. "पीएनजी म्हणजे भारी क्वालिटीचा जेपीजी" असं जो तो सांगत सुटतो, तिथेच घोळ होतो. पीएनजी काही गाळत नाही, हे खरं. पण जेपीजी फोटो पीएनजीत सेव्ह केला म्हणून गाळलेलं परत येत नाही, फाईल तेवढी फुगते. आपल्याला पीएनजी लागतो तो वेगळ्याच कामासाठी.

जेपीजी उघडलं की प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, तीन आकडे मिळतात: लाल, हिरवा, निळा. "इथे काहीच नाही" हे लिहायला त्यात जागाच नाही. म्हणून फूल कितीही सुबक कापा, जेपीजीत सेव्ह केलं की रिकाम्या जागेत रंग भरला जातो, बहुतेक वेळा पांढरा. पीएनजीत चौथा आकडा ठेवता येतो, त्याला अल्फा म्हणतात. नेहमीच्या पीएनजीत तो 0 ते 255. 0 म्हणजे आरपार, 255 म्हणजे ठार अपारदर्शक. खरी गंमत मधल्या आकड्यांत आहे. फुलाखाली पडलेली मऊ सावली, पतंगाच्या कागदासारखा झिरझिरीत तुकडा, पाकळीची न करकरणारी कड, हे सगळं त्या मधल्या आकड्यांवर चालतं. फाईल चौकोनीच असते, फक्त फुलाबाहेरच्या ठिपक्यांवर 0 लिहिलेला असतो.

म्हणूनच फाईलचं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. साध्या पेढ्यांच्या खोक्यावर "कंदी पेढे" लिहिलं म्हणून आतला पेढा कंदी होतो का?

त्याहून मोठा वैताग म्हणजे नेटवरची बनावट पीएनजी. मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात, म्हणजे आरपार जागेची नेहमीची खूण, आपण खूश होऊन उतरवून घेतो, आणि पानावर टाकली की फुलासकट अख्खा बुद्धिबळाचा पट येऊन बसतो! त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. परीक्षा सोपी आहे: आधी गडद रंगाच्या कागदावर ठेवून बघा.

"मग पांढरा भाग जादूच्या कांडीने (एकसारखा रंग एका क्लिकमध्ये निवडणारं 'मॅजिक वाँड' हत्यार) निवडून पुसला तर?" पुसा, पण कडेला पांढरट किनार राहणार. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे करून गाळतं, त्यामुळे धारदार कडेजवळ बारीक कचरा साचतो. शिवाय कडेचे ठिपके पिवळ्या-पांढऱ्याची भेसळ असतात. कांडीला ना धड फूल कळतं, ना धड पांढरं. मी मास्क लावून, म्हणजे नको तो भाग न पुसता नुसता झाकून, हातानेच कापते. वेळ जातो, जाऊ दे.

बाकी फार काही नाही. स्क्रॅपबुकच्या तयार किटमधले (सजावटीच्या चित्रांच्या संचातले) कागद बहुतेक जेपीजी असतात, कारण त्यांना आरपार दिसायची गरजच नसते. फुलं, रिबिनी, बटणं पीएनजी. काम चालू असताना पान लेयरसकट, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर सुटे राहतील असं ठेवा, फोटोशॉपची पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ फाईल. छपाईला जेपीजी चालतं. 12 इंची चौरस पान 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायचं तर 3600 बाय 3600 पिक्सेल, हे सुरुवातीलाच ठरवा.

आणि मैत्रिणीला फूल पाठवताना चॅटवर फोटो म्हणून टाकू नका. वाटेत त्याचं जेपीजी होतं आणि पांढरा डबा परत हजर. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझ्याकडे सोनकी आणि तेरडा दोन्ही कापून ठेवलेत, हवे तर मागा, झिप करून देते.