काँक्रीटमधली स्लॅग आणि 2016 च्या तक्त्यातलं शून्य

काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक म्हणजे आयएस 383. त्याच्या 1970 च्या आवृत्तीच्या शीर्षकातच खडी आणि वाळू ‘नैसर्गिक स्रोतांतली’ असावी, असं होतं. 2000 च्या आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या मानकाने स्लॅगला, म्हणजे धातू वितळवताना उरणाऱ्या मळीला, थोडी वाट दिली, पण फक्त बिनसळईच्या कामात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, तेव्हापासून नदीच्या वाळूवर विसंबणं अवघड झालं आणि दगड फोडून केलेली क्रश सँड रुळली.

आयएस 383 च्या 2016 च्या सुधारणेत शीर्षकातला ‘नैसर्गिक’ गेला. सळईच्या काँक्रीटमध्ये खडी किंवा वाळूच्या जागी लोखंडाची स्लॅग 25 टक्के आणि वाळूच्या जागी तांब्याची 35 टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरलं. पोलादाच्या स्लॅगला मात्र तिथे शून्य, बिनसळईच्या कामात 25 टक्के. वाद आजही याच शून्यावर आहे.

पोलादाच्या भट्टीत टाकलेला सगळा चुना विरघळत नाही. उरलेला मोकळा चुना ओल लागली की फुगतो, त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. त्यातला मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) तर आणखी सावकाश, कधी वर्षांनी फुगतो. चाचणीसाठी ओतलेल्या घनांची 28 दिवसांची ताकद उत्तम येते आणि स्लॅब नंतर फुटतो: आधी पृष्ठभागावर पापुद्रे, मग भेगा, मग सळईला गंज. म्हणून माल फोडून, पाणी मारून महिनोन्महिने उघड्यावर मुरवतात आणि आकारमानातली वाढ 2 टक्क्यांच्या आत आली की नाही ते तपासतात. नीट मुरवणाऱ्यांना हे शून्य जाचक वाटतं. तरी ते योग्यच आहे. ढीग किती मुरला हे मालासोबतच्या चलनावर लिहिलेलं नसतं आणि डोळ्यांना कळत नाही.

तांब्याच्या स्लॅगला चुन्याची भीती नाही, तिथे घात होतो वजनात. घनमीटरला 700 किलो वाळू असेल तर 35 टक्के म्हणजे 245 किलो. वाळूचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) 2.65 धरलं तर ती सुमारे 92 लिटर जागा घेते, 3.5 ची स्लॅग फक्त 70. मिक्स तसंच ठेवलं तर घनमीटरमागे 22 लिटर काँक्रीट कमी भरतं. शिवाय काचेसारखे दाणे पाणी शोषत नाहीत, म्हणून पाणी कमी केलं नाही तर ते वर येतं. 2018 मध्ये तुतिकोरिनचा तांबे कारखाना बंद झाला आणि दक्षिणेतला या स्लॅगचा मोठा स्रोत आटला.

पोलादाची स्लॅग दरम्यान रस्त्यांकडे वळली. 2022 मध्ये सुरतजवळ हजिऱ्यात प्रक्रिया केलेल्या स्लॅगचा सहापदरी रस्ता झाला. डांबरी थरात गंजायला सळई नसते. मुरवण्याची तपासणी मात्र तिथेही टळत नाही, कारण कच्चा माल खाली फुगला की रस्ता उचलला जातो.