गिनी पिगची माडी आणि फळीला येणारा बाक

सध्या रील्समध्ये गिनी पिगचे तीन-तीन, चार-चार मजली पिंजरे फिरतायत, वर गच्ची काय, मधे झोपायची खोली काय, बाजूने जिना काय, आणि खाली कॉमेंटमध्ये कोणीतरी हमखास विचारतं की एवढं वजन पेलेल का हो, तुटणार तर नाही ना. अहो तुटतंय कशाला. पूर्ण वाढलेला गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा, जोडी धरली तर दोन-सव्वादोन किलो, एवढ्याने १२ एमएमचा प्लाय मोडत असता तर आपल्या घरातलं एकही कपाट उभं राहिलं नसतं. खरा त्रास आहे तो फळी वाकण्याचा आणि डुगडुगण्याचा. ताकद वेगळी आणि ताठपणा वेगळा. विक्रेते "हेवी ड्यूटी, ५० किलो क्षमता" असं छापतात ना, ते फक्त ताकदीबद्दल असतं, पन्नास किलो ठेवल्यावर फळी मधे किती खाली जाईल हे कोणी छापत नाही.

आधी प्राण्याबद्दल थोडं. गिनी पिग हा उंदीर किंवा खारीसारखा चढणारा जीव नाहीच मुळी. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेतल्या गवतात राहतात, गवताच्या आतून वाटा करतात आणि घाबरले की त्या वाटांनी आडवे पळतात, झाडावर चढत नाहीत. पाय आखूड, पोट जमिनीला टेकलेलं, आणि उंचावरून पडला तर मांजरासारखं सावरता येत नाही, पाय किंवा मणका मोडू शकतो. म्हणून "जागा कमी आहे ना, मग मजले वाढवू" हे गणित इथे लागू नाही. दोन गिनी पिगना खालची सलग जागा निदान साडेसात चौरस फूट हवी असं पाळणारे लोक साधारणपणे धरतात, म्हणजे ४ बाय २ फुटाचा तळ केला की झालं. वरचा मजला हा बोनस, तळातून वजा करायचा नाही. आणि एकटा तर ठेवूच नका, कळपातला प्राणी आहे, स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच बंदी आहे.

आता माझा आवडता भाग.

कंपासमधली प्लास्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे बोट दाबा, लगेच वाकते. तीच पट्टी कडेवर उभी करून दाबा, ढिम्म हलत नाही. प्लास्टिक तेच, वजन तेच. मग होतं काय? फळी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि बरोबर मधला थर ना दाबला जातो ना ताणला जातो, नुसता बसून असतो. मधल्या थरापासून जो थर जितका लांब, तितका तो जास्त ताणला जातो, म्हणजे जास्त विरोध करतो, हे एकदा. शिवाय तो लांब असल्यामुळे त्याच्या विरोधाला लांब दांडा मिळतो, तरफेसारखा, हे दुसऱ्यांदा. आणि जाडी वाढली की मुळात असे थरच जास्त होतात, हे तिसऱ्यांदा. तीनदा गुणाकार, म्हणून ताठपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. रुंदीचं तसं नाही, रुंदी दुप्पट तर ताठपणा फक्त दुप्पट.

हिशेब करून बघू. वरचा मजला ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, फक्त दोन टोकांना टेकवलेला, त्यावर गवत, कापड, लपायचं घर, पाण्याची बाटली आणि जोडी मिळून समजा १० किलो पसरलेले. ६ एमएमचा प्लाय मधे जवळजवळ ३० एमएम खाली जातो, म्हणजे डोळ्याला दिसणारी झोळी. १२ एमएमचा साधारण पावणेचार एमएम. १८ एमएमचा सव्वा एमएमच्या आत. (प्लाय कसला त्यावर थोडं इकडेतिकडे होतं, आणि फळीचं स्वतःचं वजन मी धरलेलं नाही.) हे बघून सगळे म्हणतात मग १८ चाच घेऊ. थांबा. २ इंच बाय पाऊण इंचाची साधी लाकडी रीप घ्या, म्हणजे साधारण ५० बाय २० एमएम. ती उभी लावली तर रुंदी २० गुणिले उंचीचा घन, ५० चा घन सव्वा लाख, झाले २५ लाख. आणि आख्ख्या १२ एमएम प्लायचे? रुंदी ६०० गुणिले १२ चा घन १७२८, झाले साधारण १० लाख ३७ हजार. म्हणजे एक फालतू दिसणारी उभी रीप, प्लायच्या सातव्या हिश्श्याएवढं लाकूड असलेली, दोन फूट रुंदीच्या सबंध फळीपेक्षा जवळजवळ अडीच पट ताठ! पुढच्या आणि मागच्या कडेखाली अशी एकेक रीप टाकली की फळीचा ताठपणा पावणेसहा पट होतो आणि १२ एमएमचा प्लाय १८ ला आरामात मागे टाकतो, वजनही कमी. तीच रीप सुताराने आडवी ठोकली (आणि ठोकतात, कारण आडवीत स्क्रू मारायला सोपं जातं) तर सव्वासहा पटीने कमी उपयोग. म्हणून उभी म्हणजे उभी, तिथे त्याच्या डोक्यावर उभं राहून सांगायचं.

गंमत म्हणजे उभी पट्टी आडवीपेक्षा किती जास्त वजन पेलते याचा हिशेब गॅलिलिओने १६३८ मध्येच छापला होता, पण तोही तुटण्याचाच. वाकण्याचं नीट गणित यायला पुढचं शतक उजाडावं लागलं, बर्नुली आणि ऑयलर मंडळींकडून.

लांबीचं तर याहून बेकार. तेवढंच वजन दुप्पट लांब फळीवर ठेवलं तर आठपट बाक. उलट ४ फुटाच्या मधोमध एक पाय दिला तर बाक सोळाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येतो, कारण लांबीही निम्मी आणि प्रत्येक भागावरचं वजनही निम्मं. आणि फळी एकाच भिंतीतून बाहेर काढून पुढे मोकळी सोडली, जसं रीलमध्ये "फ्लोटिंग बाल्कनी" म्हणून दाखवतात, तर टोकावर बसलेल्या प्राण्यामुळे होणारा बाक हा दोन्हीकडे टेकवलेल्या फळीच्या मधोमध बसल्यावर होतो त्याच्या सोळापट. दिसायला छान, बाकी काही नाही.

बाक किती यावरून फळी किती डुगडुगेल हेही कळतं, बाक जितका जास्त तितका हेलकावा संथ, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. ३० एमएम बाकाची फळी सेकंदाला साधारण तीन हेलकावे घेते, पावणेचारची नऊ, दोन रिपा लावलेली बावीस. प्राणी धावतो तेव्हा पावलांचा ठेका सेकंदाला काहीच वेळा पडतो, म्हणजे संथ फळी त्या ठेक्याला साथ देते आणि ताठ फळी देत नाही. भित्रा प्राणी आहे, पायाखालची जमीन हलली की तो वर जाणंच सोडतो, आणि मग आपण म्हणतो "आमच्याला वरचा मजला आवडत नाही".

शिवाय लाकूड आज जेवढं वाकलं तेवढ्यावर थांबत नाही. वजन कायम ठेवलं तर महिनोन्महिने हळूहळू झुकत राहतं, त्याला क्रीप म्हणतात, पुस्तकांच्या फळ्यांना येणारा बाक तोच. हवेतला ओलावा सारखा वरखाली झाला की क्रीप आणखी वाढतो, म्हणजे कोकणात-मुंबईत पावसाळा आला की बघायलाच नको. पार्टिकल बोर्ड यात सगळ्यात वाईट, त्यात वरून मुताने भिजला की फुगून भुगा होतो, त्याला पिंजऱ्यात घेऊच नका. बीडब्ल्यूआर किंवा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या, कडा सील करा आणि वर पाणी न पिणारं काहीतरी अंथरा. नुसती जाळीची जमीन मात्र नको, तळपायाला जखमा होतात.

पिंजरा कुठे ठेवायचा यावर एकाने मला वास्तूप्रमाणे ईशान्य कोपरा सुचवला. आपल्याकडे फिश टँकमधला मासा मेला की घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं म्हणतात, आणि अँडीजमध्ये काही वैदू जिवंत गिनी पिग रोग्याच्या अंगावरून फिरवतात, मग त्याला कापून आतड्यांवरून आजार सांगतात. दोन्हीकडे जीव बिचाऱ्या प्राण्याचाच जातो. दिशेपेक्षा थर्मामीटर बघा, २७-२८ अंशांच्या वर याला उकाडा बाधायला लागतो, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा गरम असतो. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन टाळलं तरी पुष्कळ.

आता दोन गोष्टी पटकन. पहिली सांगाड्याची. चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेक स्क्रूने जोडलेला चौकोन कितीही जाड लाकडाचा केला तरी ढकलला की तिरका होतो, कारण बाजूंची लांबी न बदलताही चौकोनाचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाचे नाही बदलू शकत. म्हणून मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी, नाहीतर सरळ ४ एमएम प्लायची पाठ सगळीकडून स्क्रूने बसवा, पातळ पाठही इथे चालते कारण तिला वाकायचं नसतं, फक्त कोन धरून ठेवायचे असतात.

दुसरी उताराची. मजल्याची उंची ३५ सेंमी धरली आणि उतार ४५ अंशाचा केला तर फळी अर्ध्या मीटरची पुरते, म्हणून विकतच्या पिंजऱ्यात तसाच देतात, पण मग न घसरायला घर्षणाचा गुणांक (म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा) १ लागतो आणि ओल्या सनमायकावर तो मिळणं अवघड. २० अंशाचा केला तर गुणांक ०.३६ पुरतो, पायपुसणं चिकटवलं तरी भागतं, फक्त उताराची लांबी एक मीटरच्या वर जाते. ४ फुटाच्या पिंजऱ्यात ती बसवायला उतार लांबीच्या भिंतीला लागूनच घ्यावा लागतो, सहा-सात इंच रुंद, मोकळ्या बाजूला कठडा घालून, आणि त्याच्या खाली जी अंधारी जागा उरते तिथेच दोघं दिवसभर जाऊन बसतात.