उपेक्खा आणि उपेक्षा

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या वाडीतल्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. दहा पारमितांचं, म्हणजे अंगी बाणवायच्या दहा गुणांचं, पान आलं की शेवटच्या शब्दाला कुणीतरी अडखळतंच. दान, शील करत करत मैत्रीपर्यंत सगळं सुरळीत, आणि मग उपेक्षा. यंदा एका आजोबांनी विचारलंच, "आपली पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षा झाली, आता तीच पारमिता म्हणून पाळायची होय?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पाली उपेक्खा आणि संस्कृत उपेक्षा हा शब्द मुळात एकच. उप अधिक ईक्ष्, म्हणजे पाहणे. निरीक्षण, परीक्षा, प्रतीक्षा ही सगळी त्याच घरातली. मराठीत आपण उपेक्षा म्हणतो तेव्हा पाहणंच सोडून दिलेलं असतं. धम्मातल्या उपेक्खेत पाहणं चालू असतं. फक्त हवं-नकोची ओढाताण थांबलेली असते.

ही गल्लत आजची नाही. पाचव्या शतकात बुद्धघोष या पाली भाष्यकाराने विसुद्धिमग्ग या ग्रंथात ब्रह्मविहारांचे (मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार मनोवृत्तींचे) शत्रू सांगितलेत, एक दूरचा आणि एक जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग (म्हणजे आसक्ती) आणि द्वेष. ते लगेच ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. दोघीही गुण-दोषांचा काथ्याकूट करत नाहीत, म्हणून बाहेरून सारख्याच दिसतात.

मला हे आंब्याच्या अढीने शिकवलं. पहिलं दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून मी मे महिन्यात घरी आलो. माळ्यावर पेंढ्यात चार-पाचशे आंबे घातलेले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं. मी सकाळ-संध्याकाळ तासभर बसायचो आणि अढीकडे फिरकायचो नाही. पिकायचे तेव्हा पिकतील, सगळं अनित्य आहे! सहाव्या दिवशी आई वर गेली, पेंढा बाजूला केला, तर एका कुजक्या आंब्याच्या पाण्याने भोवतालचे वीसेक आंबे गेलेले. आई म्हणाली, "डोळे मिटलेस ते ठीक, नाक पण मिटलं होतंस काय रे?"

आमचा शेजारी अगदी उलट्या तऱ्हेचा. दिवसातून चारदा प्रत्येक आंबा दाबून बघायचा, त्याचे आंबे बोटांच्या डागांनीच जायचे. आई रोज एकदा हलक्या हाताने पेंढा सारते, वास घेते, डागी फळ काढते आणि बाकीचं तसंच झाकते. (मनात ठेवतो तीही अढीच, पण ती कुणी उघडून बघत नाही.)

अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहात सोनाराचा दृष्टांत आहे, तो मला आईच्या हाताशी अगदी जुळणारा वाटतो. सोनार अधूनमधून भाता फुंकतो, अधूनमधून पाणी शिंपडतो आणि अधूनमधून नुसता बघत राहतो. नुसतं फुंकलं तर सोनं जळेल, नुसतं पाणी मारलं तर थंड पडेल आणि नुसतं बघत बसलं तर नीट शुद्ध होणार नाही. या बघण्याला तिथे उपेक्खेचंच क्रियापद आहे. म्हणजे उपेक्खासुद्धा एकटी पुरत नाही. सात बोध्यंगांतही (बोधीकडे नेणाऱ्या सात अंगांतही) ती अगदी शेवटी येते, आणि वीर्य, म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, तिच्या बरंच आधी.

आसनावर फरक कळायला सोपा आहे. गुडघा ठणकतोय, ठणका कुठे सुरू होतो, कुठे विरतो हे स्पष्ट दिसतंय आणि मन त्याच्याशी भांडत नाही, तर ती उपेक्खा. सगळं मऊ, धुरकट, "काही विशेष नाही" असं वाटत असेल, तर बहुतेक पेंग आलेली आहे.

बाबासाहेबांनी पारमिता समजावताना नेमकी हीच रेघ ओढली आहे. उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे. फळाने विचलित न होता त्यासाठी प्रयत्न चालू ठेवणं. मला इथे महाड आठवतं. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला 17 मार्च 1937 ला. मधली दहा वर्षं खटला चिवटपणे लढवला गेला. धम्मदीक्षा तेव्हा अजून दूर होती, त्यामुळे हे उदाहरण कुणाला ओढूनताणून वाटेल, वाटू दे. अन्याय होत असताना "शांत राहा, उपेक्षा करा" असा सल्ला देणारे भेटतात, तेव्हा ते जवळच्या शत्रूची वकिली करत असतात, इतकं मी खात्रीने म्हणेन.

आजोबांना हे सगळं सांगून झालं. ते म्हणाले, "मग दुसरा शब्द घाला ना!" शिबिरांत समता म्हणतात, मी सुचवला. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, समता म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, तो तिसराच घोळ. शेवटी ठरलं, वाचताना पालीच वाचायचं. तेव्हापासून आजोबा "उपेक्खा" म्हणताना ख वर असा काही जोर देतात की पुढच्या रांगेतली पोरं दचकतात.