सोलापुरातील सार्वजनिक वायफाय

रेल्वे स्थानक, एसटी स्टँड, बाग, वाचनालय, चहाची टपरी अशा सर्वांना खुल्या जागी मोबाइल क्रमांकाची खातरजमा करून फुकट किंवा कूपनावर मिळणाऱ्या बिनतारी इंटरनेट जोडणीला सार्वजनिक वायफाय म्हणतात. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत नवव्या क्रमांकावर निवडले गेले. त्याच महिन्यात रेल्वेच्या रेलटेल या दूरसंचार कंपनीने गूगलच्या साथीने मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर वायफाय द्यायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की या सेवेची निकडच ओसरली. गूगलनेही स्थानकांवरील आपली भागीदारी २०२० मध्ये त्याच कारणाने आवरती घेतली. स्मार्ट सिटी योजना ३१ मार्च २०२५ ला संपली. खांबावर डबा बसवणे एकदाचे काम असते. फायबरचे मासिक बिल, वीज आणि शिडी लावून चढणारा माणूस यांचा खर्च कायमचा, आणि आराखड्यात नेमका तोच विसरला जातो.

लहरी आणि पल्ला

सार्वजनिक वायफाय मुख्यतः लहरींच्या दोन परवानामुक्त पट्ट्यांवर चालते. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून, तर ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ पासून खुला आहे. पहिल्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता चालतात. नवी पेठेसारख्या बाजारात दुकानागणिक राउटर असल्याने या तिन्ही भरलेल्या असतात. फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण पान उघडत नाही. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ बरा, मात्र तो जुन्या पेठांतील जाड दगड-मातीच्या भिंतीपुढे हात टेकतो. पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांवरचे पत्रे लहरी परतवतात, म्हणून छतावर लावलेले यंत्र आत उपयोगी पडत नाही. आतल्यांसाठी आतच वेगळे लावावे लागते.

खांबावर काय असते

फायबर एका ओएनटी यंत्रात (फायबरमधला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलणारा डबा) येते, तिथून राउटर, आणि राउटरपासून कॅट-६ केबलने खांबावरच्या अॅक्सेस पॉइंटपर्यंत, म्हणजे वायफायच्या लहरी सोडणाऱ्या यंत्रापर्यंत, इंटरनेट व वीज एकत्र जाते. ही केबल १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही. खर्च वाचवायला घरगुती राउटर पत्र्याच्या पेटीत घालून बाहेर टांगणे ही इथली सर्रास चूक. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४० च्या वर जातो, बंद पेटीत तर त्याहून बराच. दुपारी वायफाय मरते आणि संध्याकाळी आपोआप जिवंत होते, तेव्हा संशय उष्णतेचा घ्यावा. बाहेरचे यंत्र पाणी-धूळरोधक आणि निदान ५५ अंश सोसणारे हवे. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर लावावा.

वीज जाते तेव्हा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी ओएनटी आणि राउटर (मिळून सुमारे २० वॉट) तीन तासांच्या आसपास चालवते.

ओटीपीचा पेच

२००९ पासूनच्या नियमांनुसार वापरकर्त्याची ओळख पटवल्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येत नाही, म्हणून लॉगिनच्या पानावर मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी घ्यावा लागतो. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तर हे पान उघडत नाही. ते बंद करून पुन्हा जोडावे. काही नव्या फोनांचा यंत्र-पत्ता (मॅक अॅड्रेस) बदलत राहतो, त्यामुळे आधी लॉगिन केलेल्यालाही पुन्हा ओटीपी मागितला जाऊ शकतो.

फुकट इंटरनेटची खरी गरज रिचार्ज संपलेल्याला असते, आणि त्याच्याच सिमवर काही दिवसांनी संदेश येणे थांबते. शिवाय मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा नांदणाऱ्या या शहरात लॉगिनचे पान केवळ इंग्रजीत असले की अनेक लोक तिथूनच मागे फिरतात. पानावर बँकेचा तपशील, यूपीआय पिन किंवा आधार क्रमांक मागितला गेला तर ते जवळच कोणीतरी त्याच नावाने उभारलेले बनावट वायफाय समजून जोडणी तोडावी.

पीएम-वाणी

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदार किंवा टपरीवालाही वायफाय विकू शकतो. त्याला परवाना किंवा शुल्क लागत नाही. त्याने नोंदणीकृत अॅग्रिगेटरशी जोडून घ्यायचे, त्याचे सॉफ्टवेअर चालणारा राउटर बसवायचा आणि कूपनाचे दर ठरवायचे. ग्राहकांची नोंद व हिशेब अॅग्रिगेटर ठेवतो. सगळ्यांची केंद्रीय यादी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे असते. ग्राहकाने एकदा अॅपमध्ये ओळख पटवली की पुढे सर्वत्र तीच चालते. गंमत अशी, की अॅप उतरवायलाही आधी इंटरनेट लागतेच.

दुकानदारांची अडचण लाइनच्या दराची होती. घरगुती फायबर जोडणी विकायला परवानगी मिळेना आणि भाड्याची लीज्ड लाइन टपरीला परवडेना. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने २०० मेगाबिटपर्यंतच्या घरगुती योजना अशा दुकानदारांना किरकोळ दराच्या दुपटीहून महाग देऊ नयेत, असे ठरवले. १०० मेगाबिटची लाइन, प्रत्येकाला २ मेगाबिटची मर्यादा आणि एकावेळी तीस-चाळीस ग्राहक, हे गणित बसते. मर्यादा न घातल्यास व्हिडिओ उतरवणारे दोन फोन बाकीच्यांना उपाशी ठेवतात.

गड्डा यात्रा

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत (हीच गड्डा यात्रा) होम मैदानावर जी गर्दी होते ती कोणत्याही वायफायची परीक्षा असते. माणसाच्या शरीरात पाणी अधिक, त्यामुळे गर्दीच लहरी शोषून घेते. अॅक्सेस पॉइंट डोक्यांच्या वर, तीन-चार मीटरवर, किंचित खाली कललेला लावावा. एका यंत्रावर तीस ते पन्नास सक्रिय फोनच धरावेत. कागदावरचा शेकड्यांचा आकडा विसरावा. ताकद वाढवून भागत नाही. कडेला उभ्या दुबळ्या सिग्नलच्या फोनला तोच मजकूर पाठवायला जास्त वेळ लागतो आणि तो सगळ्यांचा वेळ खातो.

सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या ज्या मार्गाने जातात, तिथे रस्ता ओलांडणाऱ्या लोंबत्या केबली मिरवणुकीआधी उतरवाव्या किंवा उंच घ्याव्या लागतात. त्या काळात मार्गावरच्या दुकानांचे इंटरनेट बंद पडले तर आधी याची चौकशी करावी.

बिघाड ओळखणे

आधी ओएनटीवरचे दिवे पाहावेत. सगळे विझलेले असतील तर वीज किंवा अडॅप्टर. ‘लॉस’ दिवा लाल असेल तर फायबर तुटले, किंवा खिळ्याला वेढा घालून नको तितके वाकवले आहे. गटार-जलवाहिनीच्या खोदाईनंतर हेच आढळते. ओएनटीच्या पानावर प्रकाशाची पातळी उणे २७ डेसिबल-मिलिवॉटच्या खाली गेलेली असेल तर जोड पुन्हा करावा लागतो. ‘पॉन’ दिवा हिरवा, म्हणजे फायबर ठीक, तरी इंटरनेट नाही, तर थकलेले बिल किंवा कंपनीकडील खाते तपासावे.

एसटी स्टँडसारख्या जागी आणखी एक विचित्र बिघाड होतो: सकाळी सगळे सुरळीत, दुपारनंतर नवे फोन जोडलेच जात नाहीत. राउटरकडे जोडल्या जाणाऱ्या फोनांना वाटायला साधारण अडीचशे आयपी पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता चोवीस तास राखून ठेवला जातो. दहा मिनिटे थांबून अक्कलकोटची गाडी पकडणारा प्रवासीही दुसऱ्या दिवसापर्यंत एक पत्ता अडवून बसतो. ही मुदत अर्ध्या तासावर आणावी, किंवा पत्त्यांचा साठा हजारावर न्यावा. राउटर बंद-चालू केल्याने काही वेळ सुटका होते, आणि म्हणूनच मूळ दोष महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.