बर्फाचं वय वेगळं, बर्फातल्या हवेचं वेगळं

ध्रुवावरच्या बर्फात खोल छेद घेऊन काढलेला गाभा म्हणजे जुन्या हवामानाची रोजनिशी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, तापमान काढायचं, बुडबुड्यांतून जुनी हवा. हिमयुगातले तापमानाचे झटके ग्रीनलंडमध्ये ठसठशीत दिसतात, अंटार्क्टिकात बोथट होऊन. इथवर ठीक.

मग कोणीतरी लिहितं, 'हा बर्फ इतक्या वर्षांचा, म्हणजे त्यातली हवाही तितकीच जुनी.' नाही हो! एकाच तुकड्यात हवा बर्फापेक्षा तरुण असते.

पडलेल्या हिमाचा लगेच घट्ट बर्फ होत नाही. वरचे पन्नास ते सव्वाशे मीटर नुसते कणीदार आणि सच्छिद्र असतात. बरणीला दादरा बांधावा तसं. वरची हवा आत-बाहेर खेळत राहते. झाकण लागतं ते खोलवर, भाराने छिद्रं मिटतात तेव्हा, आणि तोवर भोवतालचं हिम म्हातारं झालेलं असतं. ग्रीनलंडच्या माथ्यावर हिम भरपूर पडतं, म्हणून तिथे हा फरक आज साधारण दोनशे वर्षांचा. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकला वर्षाकाठी जेमतेम दोन सेंटिमीटर बर्फ साठतो, तिथे तो काही हजार वर्षांवर जातो.

'तापमान आधी वाढलं, कार्बन डायऑक्साइड ८०० वर्षांनी' हा फिरून फिरून गुळगुळीत झालेला आलेख मला म्हणूनच नको वाटतो. तापमान वाचलं बर्फातून, वायू वाचला बुडबुड्यांतून; दोघांच्या वयांमधलं अंतर आडाख्याने धरलेलं. तो आडाखा जरा जास्त धरला की वायू उगाच उशिरा आल्यासारखा दिसतो. ८०० चा आकडा मुळात सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या एका हिमयुगाच्या अखेरीचा, तोही दोनशे वर्षं इकडे-तिकडे. अलीकडच्या हिमयुगाच्या अखेरीसाठी २०१३ साली हिशेब नव्याने मांडला, तेव्हा दोन्ही जवळजवळ बरोबरीने चढताना दिसले.

काही दशकांत घडलेल्या झटक्याला तर असला आडाखा चालतच नाही. तिथली युक्ती मला फार आवडते: तापमानही हवेतूनच वाचायचं. पृष्ठभाग एकदम तापला की सच्छिद्र थराचा तळ काही काळ गारच राहतो, आणि नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड समस्थानिक, गार बाजूकडे सरकतो. ती खूण बुडबुड्यांत बंद होते, मिथेन या हरितगृह वायूच्या शेजारीच. दोन्ही एकाच हवेतले, मग वयाचा वाद कसला?

ग्रीनलंडच्या जिस्प-२ गाभ्यात सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीचा झटका १९९८ साली असा तपासला. तापमान काही दशकांत १० अंशांच्या आसपास चढलेलं, आणि मिथेनची वाढ त्याच्याबरोबर किंवा फार तर तीस वर्षांनी सुरू झालेली. बर्फ आणि हवा यांच्या वयातला तिथला त्या काळचा फरक मात्र आठशे वर्षांहून जास्त.