केक भाजायचा, पुडिंग उकडायचं: नाताळच्या दोन काळ्या गोडांची ओळख

डिसेंबर लागला की जळगाव-भुसावळच्या बेकऱ्यांच्या काचेमागे गडद तपकिरी केक रचले जातात. त्याच दिवसांत मोबाइलवर एक चित्र फिरायला लागतं: घुमटासारखा काळसर गोळा, वरून ओघळलेलं पांढरं काहीतरी, टोकाला काटेरी हिरवं पान आणि दोन-तीन लाल फळं. खाली लिहिलेलं असतं ‘प्लम केकच्या शुभेच्छा’. चित्रातला तो पदार्थ केक नसतो. ते असतं ख्रिसमस पुडिंग, आणि खानदेशात ते खाल्लेला माणूस शोधायला निघालात तर बरीच पायपीट होईल.

गोंधळ होतो त्यात नवल नाही. दोन्ही पदार्थ काळे, दोन्हींत बेदाणे-मनुका, संत्र्याची पाकवलेली साल, दालचिनी-जायफळ-लवंग आणि बहुतेक वेळा ब्रँडी किंवा रम. दोन्हींना ‘प्लम’ लावतात आणि दोन्हींत आलुबुखार नसतं. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लमच म्हणत. त्यात आपल्याकडे पुडिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कॅरमेलचं, थुलथुलीत, अंड्या-दुधाचं. इंग्रजांच्या त्या काळ्या गोळ्याचं या पुडिंगशी नावापुरतंच नातं आहे.

खरा फरक आचेचा आहे. केक भाजतात, पुडिंग उकडतात. खानदेशी माणसाला हे बट्टीवरून चटकन कळेल. राजस्थानची बाटी निखाऱ्यावर भाजतात, तिला बाहेरून कडक कवच येतं. आपल्याकडे वरणबट्टीसाठी कणकेचे उंडे आधी उकडतात, मग कापून तळतात. पीठ जवळपास तेच, पण उकडलेल्या उंड्याचा आतला पोत वेगळा, दमट आणि घट्ट. केक आणि पुडिंगचं असंच आहे. केक ओव्हनमध्ये १४०-१५० अंशांवर तीन-चार तास राहतो, त्याचा वरचा थर सुकतो, सुरीने कापला तर काप सरळ उभा राहतो. पुडिंगला भांड्यात घालून, तोंड बांधून सहा ते आठ तास वाफेवर ठेवतात. भोवती सगळी वाफच, त्यामुळे कवच धरतच नाही. कापताना ते चिकटतं, चमच्याने खावं लागतं.

यापुढचा फरक आहे चरबीचा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. केकमध्ये लोणी साखरेबरोबर फेसतात. त्या फेसात हवा अडकते आणि केक हलका होतो. पुडिंगमध्ये फेसणं नाही. त्यात पारंपरिक पद्धतीने जनावराच्या गुर्द्याभोवतीची कडक चरबी किसून घालतात. ही चरबी लोण्यापेक्षा बऱ्याच उशिरा वितळते. ती वितळेपर्यंत भोवतालचं पीठ थोडं धरलेलं असतं, म्हणून तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि एवढं जड मिश्रण असूनही पुडिंग दगडासारखं होत नाही. शिवाय पुडिंगमध्ये निम्मा भाग मैद्याऐवजी ब्रेडचा चुरा असतो. केकमध्ये ब्रेडचा चुरा घालणारा बेकरीवाला भेटला, तर तो कालचा माल खपवतोय असं समजावं.

काळा रंगही वेगवेगळ्या वाटेने येतो. आपल्या बेकरीतल्या प्लम केकचा रंग बहुतेक करून जाळलेल्या साखरेचा असतो: कढईत साखर काळपट होईपर्यंत वितळवायची, जपून गरम पाणी ओतायचं, तो पाक मिश्रणात घालायचा. पुडिंगमध्ये काळी साखर असतेच, पण मुख्य काम वेळ करते. तासन् तास वाफेवर राहून साखर आणि प्रथिनं हळूहळू गडद होत जातात. नाताळच्या दिवशी ते पुन्हा दोनेक तास गरम करतात, तेव्हा आणखी काळं होतं.

आता जेवणाकडे येऊ, कारण दोन्ही पदार्थांची जागा तिथे ठरते. इंग्लंडमध्ये नाताळचं मुख्य जेवण २५ तारखेला दुपारी असतं. टर्की भाजलेली (पूर्वी अनेक घरी हंस असे), सोबत भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे लिंबाएवढे छोटे कोबी, पार्सनिप नावाचं गाजरासारखं पांढरं कंद, ग्रेव्ही, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस. हे सगळं पोटात गेल्यावर शेवटी पुडिंग येतं. गरमागरम, भांड्यातून ताटलीत उपडं केलेलं. कोमट ब्रँडी त्यावर ओतून काडी लावतात, खोलीतले दिवे मालवतात आणि निळसर ज्वाळेसकट ते टेबलावर आणतात. सोबत ब्रँडी घोटलेलं लोणी, कस्टर्ड किंवा साय. चित्रातलं ते ओघळलेलं पांढरं बहुधा यातलंच काहीतरी असतं आणि काटेरी पान हॉली नावाच्या झुडपाचं.

केकची पाळी संध्याकाळी, चहाबरोबर. तो थंडच खातात. त्यावर बदामाच्या मार्झिपानचा थर आणि वर साखरेचं पांढरं कडक आयसिंग असतं. यॉर्कशरमध्ये केकच्या कापाबरोबर चीजचा तुकडाही खातात. ऐकायला विचित्र वाटतं, पण गोडाबरोबर खारट आवडणाऱ्यांनी नाक मुरडायचं कारण नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी दोन्ही असतात. पुडिंग त्या एका पंगतीचं, केक पुढचे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचा.

पुडिंगभोवती चालीरीतीही जास्त जमल्या आहेत. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा चारेक आठवड्यांचा तयारीचा काळ, सुरू होण्याआधीच्या रविवारी ते कालवायचं. त्या दिवशीची अँग्लिकन चर्चमधली जुनी प्रार्थनाच ‘हलवून जागं कर’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते, आणि घरी जाऊन लोक मिश्रण हलवायला घेत. घरातल्या प्रत्येकाने एकदा चमचा फिरवायचा, तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूला भेटायला आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, पूर्वेकडून आले होते. फिरवताना मनात इच्छा धरायची. पदार्थ तेरा घालायचे, येशू आणि बारा प्रेषितांचे मिळून. आत चांदीचं नाणं दडवायचं. ज्याच्या वाटणीला येईल त्याचं वर्ष चांगलं. दातांचं काय, हे मात्र परंपरा सांगत नाही.

इंग्रजांना या पुडिंगचा अभिमान इतका, की १९२७ मध्ये त्यांच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजघराण्याच्या आचाऱ्याकडून कृती घेऊन ‘साम्राज्याचं पुडिंग’ असा प्रचार केला. प्रत्येक जिन्नस साम्राज्यातल्या कुठल्या मुलखातून आणायचा ते ठरलेलं: मनुका ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेच्या, लवंग झांजीबारची, रम जमैकाची, दालचिनी हिंदुस्थान किंवा सिलोनची. गंमत अशी की मसाला आपल्याकडून गेला आणि पदार्थ आपल्याकडे रुजलाच नाही.

रुजला तो केक. इंग्लंडमध्ये तो मुळात नाताळानंतरच्या बाराव्या दिवसाचा केक, जानेवारीतला. एकोणिसाव्या शतकात तो सरकत नाताळात आला. भारतातल्या पहिल्या ख्रिसमस केकची गोष्ट केरळातल्या थलासरीची सांगतात: १८८३ साली मर्डॉक ब्राउन या मळेवाल्याच्या फर्माइशीवरून मांबळी बापू यांनी तो आपल्या बेकरीत भाजला आणि ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांची व केळ्यांची गावठी दारू वापरली. पुढे जागोजागी त्याची रूपं बदलत गेली. अलाहाबादला त्यात पेठा आणि मार्मलेड आलं, लोण्याऐवजी तूप आलं. बाकी देशभर स्वस्त केकमध्ये टूटीफ्रूटी आली. ती रंगीत, साखरेत पाकवलेली कच्ची पपई असते. शहादा भागात पपईची शेतं पाहिलेल्या माणसाला केकमधले ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे परके वाटायला नकोत.

खानदेशात नाताळ दोन वाटांनी आला. भुसावळला रेल्वेबरोबर, तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबांबरोबर. नंदुरबार-नवापूरकडे मिशनऱ्यांबरोबर, ज्यांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम मोठं होतं. पहिल्या वाटेने केक आणि वाइन आली, दुसऱ्या वाटेने उपासना, गाणी आणि दारूला हात न लावायची शिकवण. जेवण मात्र इथलंच राहिलं. २५ तारखेला चर्चमधून आल्यावर बहुतेक घरांत मटणाचा काळ्या मसाल्याचा रस्सा, भात, पुऱ्या नाहीतर भाकरी. डबे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडवांनी भरलेले. दिवाळीचा फराळ दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा, असं म्हणा ना. त्या फराळाच्या ताटात केकचे दोन काप सहज बसतात. ताटावर रुमाल टाकला की ते शेजारीपाजारी निघतं.

इथे मला एक उलटं कोडं दिसतं. ओव्हन आपल्या घरांत परवा-परवापर्यंत नव्हता. पातेलं, चाळणी, वाफ हे सगळं होतं. फुणके, ढोकळा, बट्टी उकडणाऱ्या हातांना पुडिंग अगदी सोपं. तरीही जिंकला तो भट्टी लागणारा केक! माझ्या मते कारण तंत्राचं नाहीच. पुडिंग एका पंगतीला, ठरल्या वेळी, गरम वाढावं लागतं. ते वाटता येत नाही. आपला सण वाटण्यावर चालतो. शिवाय भट्टी बेकरीवाल्याकडे होतीच, घरी कालवलेलं मिश्रण डब्यात घालून त्याच्याकडे भाजायला देता येई. त्यात पुडिंगला हवी ती गुर्द्याची चरबी, वर ब्रँडीची ज्वाळा. शाकाहारी शेजाऱ्याला द्यायची सोय नाही आणि पाळकांनाही आवडायचं नाही. रस्सा-भाकरी ओरपल्यावर असं जड, चिकट गोड खायला जागा तरी कुठे उरते?

ज्यांना तरीही एकदा करून बघायचंय त्यांच्यासाठी दारू आणि चरबी वगळून जमणारा मार्ग असा. ७५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा, १२५ ग्रॅम काळपट गूळ किंवा ब्राउन साखर, साडेतीनशे ग्रॅम बेदाणे-मनुका-खजूर मिळून, एक किसलेलं सफरचंद, दोन अंडी, एका संत्र्याची किसलेली साल आणि रस, चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड, चिमूटभर बेकिंग पावडर. चरबीच्या जागी १०० ग्रॅम वनस्पती तूप. ते फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसायचं आणि लगेच मैद्यात घोळवायचं, म्हणजे गोळा होत नाही. घरचं साजूक तूप चवीला वरचढ, पण ते लवकर वितळतं आणि पुडिंग जड होतं. सुका मेवा आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजत घाला. जळगावचं केळं मात्र यात नको. केळं पडलं की छान मऊ केळ्याचा केक होतो, पण ओलाव्यामुळे टिकत नाही, आणि हा पदार्थ मुळात टिकण्यासाठी आहे.

स्टीलच्या डब्याला आतून तुपाचा हात लावून तीन-चतुर्थांशच भरा. वर बटर पेपर आणि फॉइल, मधे एक घडी सोडून, म्हणजे फुगायला जागा राहते. मग सुतळीने घट्ट बांधा. कुकरमध्ये जाळीवर डबा ठेवून पहिली वीस मिनिटं शिट्टीशिवाय वाफ द्या. शिट्टी आधीच लावली तर दाबामुळे पुडिंग फुगत नाही. नंतर शिट्टी लावून मंद आचेवर दोनेक तास. साध्या पातेल्यात सहा तास लागतात, आणि सिलिंडरचा विचार करता कुकर बरा. पाणी भरपूर हवं, मधे एकदा गॅस बंद करून, दाब पूर्ण उतरल्यावर झाकण काढून बघा. आटलेल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर नाताळ स्वयंपाकघर पुसण्यात जाईल. ब्रँडीशिवाय ज्वाळा नाही, आणि तिच्या जागी कापूर लावायचा मोह आवरा: वास पुडिंगला धरतो.

इंग्लंडच्या थंड कपाटात असं पुडिंग वर्षभर राहतं म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा फ्रीजशिवाय तसला प्रयोग नको. बिनदारूचा केकसुद्धा इथल्या थंडीत हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडेच धरा. उरलेल्या पुडिंगचे दुसऱ्या दिवशी जाड काप करून लोण्यात दोन्ही बाजूंनी परततात. कडा कुरकुरीत होतात, आत मऊ राहतं. पहिल्या दिवशीच्या गरम पुडिंगपेक्षा मला तरी हेच जास्त आवडतं.